कानाच्या उंचीवरचा खिळा

धोंडू गवंडी गेल्याची बातमी आली तेव्हा मी धोंडू गवंड्याचीच नक्कल करत होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी सांगायला नको. जव्हारच्या बाजारात पानवाल्याच्या फळीपुढे आठ-दहा मंडळी जमली होती. मी उपरणं डोक्याला फेट्यासारखं गुंडाळलं होतं, डावा कान मुठीत झाकला होता आणि छाती काढून म्हणत होतो, "हे असं उघड्यावर? अरे, बाजार बघावा तर सुलतानाचा!" एवढ्यात जामसरचा एक माणूस गर्दीत डोकं घालून म्हणाला, "भाऊ, धोंडू गेला. काल सांजच्याला. ताप होता." माझ्या नकलेचा शेवट अजून राहिला होता, आणि खरा हशा शेवटालाच. मूठ उघडायची, आत कान नाही असं बघून दचकायचं, आणि कान जमिनीवर शोधायला लागायचं... लोक माझ्या मुठीकडे बघत होते. मग मी मूठ उघडली. लोक हसले. जामसरचा माणूसही हसला.

याला दीड महिना झाला. तेव्हापासून चारजण म्हणाले, तुम्ही त्याचे एवढे जुने दोस्त, चार ओळी लिहा. दोस्त! मी दरबारच्या कचेरीबाहेर ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहितो. ज्याला अक्षर येत नाही त्याचं गाऱ्हाणं मी लिहितो, खाली तो अंगठा उठवतो. उरल्या वेळात नकला करतो. दोन्ही धंदे दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याचे, आणि दोन्हींत मी पटाईत. धोंडूला माझ्या या दोन्ही कला फार आवडत. त्याच दोन कलांनी मी त्याचं कसं मातेरं केलं ते आता सांगतो. रंगवून सांगेन, कारण दुसरी रीत मला येत नाही. पण खोटं सांगणार नाही.

धोंडू जामसरचा, हाडाचा गवंडी. मोठी लढाई सुरू झाली तेव्हा भरतीवाले आले आणि दगडाचं काम येणारी माणसं हवीत म्हणून त्याला घेऊन गेले. बगदादच्या वाटेवर कुठेतरी अख्खी पलटण तुर्कांच्या हाती सापडली. दोन वर्षं पत्र नाही, तार नाही. जामसरात त्याचे दिवस घातले, चांगुणावहिनीच्या बांगड्या फुटल्या. आणि मग एका बाजारच्या दिवशी हा स्वतःच्या पायांनी जव्हारात हजर! अंगावर कुठल्याशा मेलेल्या शिपायाचा कोट, गालफडं आत गेलेली, डावा कान नाही. घरी जायच्या आधी बाजाराच्या मधोमध उभा राहिला. नागलीच्या टोपल्या, मिठाचे ढीग, धुरळा, गुरं, सगळीकडे एकदा नजर फिरवली आणि फार दुःखानं म्हणाला, "हे असं उघड्यावर?"

तुम्हीच सांगा, मेलेला माणूस परत येऊन पहिलं वाक्य हे बोलला तर नकलाकारानं काय करावं? त्याच दिवशी मी त्याला 'सुलतान' नाव ठेवलं आणि आठवडाभरात ते पार मोखाड्यापर्यंत गेलं.

संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसे आणि त्या बाजाराची हकिगत सांगे. गावाचं नाव त्याला कधी धड सांगता आलं नाही. बाजाराला तिथे बेदेस्तान म्हणत. कुणा जुन्या सुलतानाच्या वजिरानं तीनशे-चारशे वर्षांपूर्वी तो बांधला, दुकानांच्या भाड्यातून शेजारच्या मशिदीच्या दिव्यांना तेल मिळावं म्हणून. भिंती दोन हात जाड, आत दगडी खांबांच्या रांगा, वर घुमटाला लागून घुमट. लोखंडी दारं. उन्हाळ्यात आत गेलं की अंगावर ओला पंचा टाकल्यासारखं वाटे. सकाळी दार उघडण्याआधी सगळे दुकानदार उभे राहून दुआ मागत, खरं विकणाऱ्याला बरकत दे म्हणून, आणि मगच कुलूप निघे. दुपारी नमाजाला जाताना दुकानापुढे नुसती दोरी आडवी बांधत, कुणी हात लावत नसे. "आणि भाऊ," धोंडू माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणे, "दाराशी सरकारी माप साखळीला टांगलेलं. कुणालाबी शंका आली का तठं जायचं, आपलं सामान मापून बघायचं. माप खोटं निघालं तर पूर्वी त्या दुकानदाराचा कान त्याच्याच दाराला खिळ्यानं ठोकायचे. उन्हं उतरेपर्यंत तसाच उभा." मी विचारलं, "तू बघितलंस?" तो म्हणाला, "मी नाय. म्हाताऱ्या उस्तानं सांगितलं. त्याच्या आज्यानं बघितलं व्हतं." उस्ता म्हणजे तिथला मिस्त्री. त्या उस्ताच्या हाताखाली कैदी गवंड्यांना जुंपलं होतं. घुमटांवर शिशाचे पत्रे होते, ते लढाईत गोळ्या ओतायला काढून नेले, तेव्हा चारशे वर्षांत पहिल्यांदा तो बाजार गळायला लागला. धोंडू दिवसा घुमट लिंपी आणि त्याच घुमटाखाली निजे. ज्या फटी लिंपायच्या राहिल्या त्यांतून हिवाळ्यात बर्फ आत येई. त्या बर्फानं त्याचा डावा कान आधी काळा पडला आणि मग गळाला.

हे सारं त्यानं मला साध्या शब्दांत सांगितलं होतं. मला ते ठाऊक होतं. पण बर्फानं कान गळाला, ही काय गोष्ट झाली? जव्हारात बर्फ बघितलाय कुणी? आणि शेजारीच खिळ्याची गोष्ट आयती पडलेली! मी दोन्ही नुसत्या एकमेकींजवळ सरकवल्या. पानवाल्याच्या फळीपुढे ही नक्कल पहिल्यांदा केली तेव्हा लोक पोट धरून बसले. सुलतानाच्या बाजारात आमचा धोंडू लबाडी करताना सापडतो, त्याचा कान दाराला ठोकतात, आणि त्याला मागं राहिलेल्या बायकोची आठवण होते तेव्हा तो कान तिथेच सोडून जव्हारला पळत येतो. धोंडू मागे उभा होता. तोही हसला. म्हणाला, "भाऊ, मी काय लबाडी करणार? माझ्यापाशी विकायला व्हतं काय?" यावर आणखी हसले.

आता बाजाराचं सांगतो, कारण धोंडूचा जीव त्यात होता. आमच्याकडे डोंगरातली माणसं नागली, वरई, हिरडा, मध घेऊन उतरतात आणि शेठच्या ओट्यावर ओततात. शेठकडे धान्य मापून घ्यायची पायली एक आणि द्यायची दुसरी, हे जव्हारातल्या पोरासोरांना ठाऊक आहे. धोंडूची आई पोशेऱ्याची. तिचा बाप वर्षाची नागली डोक्यावर आणायचा आणि अर्धीमुर्धी देऊन रिकामा परत जायचा, हे धोंडूनं लहानपणी बघितलेलं. त्याच्या मनात एवढंच होतं. एक इमारत, एक दार, दाराशी एक खरं माप. चार वर्षं तो कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिला. शेवटी दरबारच्या कारभारीसाहेबांना घुमटांची कल्पना आवडली. पाहुणा साहेब आला तर दाखवायला बरं, असं त्यांना वाटलं असावं. हुकूम निघाला.

मी धोंडूला काम करताना बघितलं आहे. त्या दोन वर्षांत त्याची नक्कल मला नीट जमेना, कारण तो बोलतच नव्हता. चार घुमट, जाड भिंती, एक दार. चुन्यात गूळ, बेलफळ आणि काय काय घालून त्यानं घुमट असे घोटले की जव्हारचा पावसाळा, जो दगडालाही बुरशी आणतो, तो चार महिने वरून धबाधबा कोसळला आणि आत थेंब आला नाही. मग त्यानं लोहाराकडून लोखंडी पायली करून घेतली. तिच्यावर दरबारचा शिक्का, कडीला साखळी. आणि दाराच्या सागवानी चौकटीत उजव्या बाजूला वीतभर लांबीचा खिळा ठोकला, साखळी अडकवायला. साखळीसकट पायली जमिनीला टेकावी म्हणून खिळा माणसाच्या कानाच्या उंचीवर बसला.

उद्घाटनाला मोठा थाट. आंब्याची तोरणं, वाजंत्री, शिपाई. पायली कारभारीसाहेबांच्या हातून टांगायची असं ठरलं, म्हणून ती तबकात फुलांखाली झाकून ठेवली होती. चौकटीवर नुसता खिळा. नवा, चकचकीत, कानाच्या उंचीवर.

डोंगरातली माणसं उतरली. पोशेऱ्याची, वांगणीची, जामसरची. डोक्यावर टोपल्या. दारापासून वीस-पंचवीस पावलांवर सगळी थांबली. एक म्हातारा पुढे आला, त्यानं खिळा बघितला, दाराची जाडी बघितली, आणि मागे वळून म्हणाला, "हाच रं तो. अठंच कान ठोकतात." माझी नक्कल त्यांच्यापर्यंत गेली होती. बाजारात ऐकली कुणी, पाड्यावर सांगितली कुणी. पण तिथे पोहोचेपर्यंत हसणं वाटेतच सांडलं होतं. आणि ज्यांना चार भिंतींत कोंडून, डोकी मोजून, वेठीला नेल्याचं आठवतं, त्यांना एकच दार असलेली इमारत दाखवल्यावर निराळं काय वाटणार? सगळ्यांचे हात एकदम कानांवर गेले. शंभर माणसं, एका हातानं टोपली सावरलेली, दुसरा हात कानावर! नाटकात असा देखावा मला कधी जमला नसता. मला हसू फुटलं. खरंच फुटलं. कारभारीसाहेबांनी शिपायांना डोळ्यांनी खूण केली. शिपाई लोकांना आत ढकलायला धावले आणि जे व्हायचं तेच झालं. टोपल्या टाकून माणसं रानाकडे पळाली. धोंडू दोन्ही हात वर करून मागे धावत होता, "अरं मापाचा हाय! खिळा मापाचा हाय!" त्याच्या डोक्यावरचा फेटा सुटला आणि कान नसलेली बाजू उघडी पडली. ती बघून मागे राहिलेलेही पळाले. सांडलेली नागली दुपारपर्यंत शेठच्या माणसांनी झाडून नेली.

आत एक थेंब आला नव्हता, आणि आता एक माणूसही येईना.

आठ दिवसांनी धोंडू माझ्या ओट्यावर आला. पहिल्यांदाच गिऱ्हाईक म्हणून. म्हणाला, "भाऊ, अर्ज लिहा. साधाच लिहा. खिळा मापाचा हाय, अशी गावोगाव दवंडी द्या. माप टांगा. आणि चार बाजारचे दिवस शिपाई लांब ठेवा. एवढंच." मी त्याला विचारू शकलो असतो की, अरे, मीच जाऊन सांगू का? पोशेऱ्याला मला सगळे ओळखतात, नक्कल माझी, मीच मोडली असती. एका दिवसाचं काम. पण मी दौत पुढे ओढली, आणि लेखणी हातात आल्यावर मला काय झालं म्हणून सांगू... समोर दोस्त बसला आहे, त्याला अक्षर येत नाही, आणि हा कागद कचेरीत मोठ्यानं वाचला जाणार आहे. एवढा मोठा प्रेक्षक मला कधी मिळाला नव्हता. मी लिहिलं, 'मी एककर्णी सुलतान, मुक्काम जव्हार, हुजुरांच्या पायी उरलेला कान लावून अर्ज करतो की, बाजारच्या दारीचा खिळा सेवकाच्या कानासाठी नाही, कारण त्यासाठीचा कान सेवक परदेशी ठेवून आला आहे. दुसरा शाबूत असल्याची खात्री सरकारने समक्ष ओढून करून घ्यावी.' असं पानभर. दवंडीचं शेवटी एका ओळीत. धोंडूनं कागदाकडे बघितलं. म्हणाला, "पानभर झालं की! साधंच म्हणलं व्हतं." मी म्हणालो, "दरबारात जायचंय, सुलतान. शोभलं पाहिजे." त्यानं अंगठा उठवला. त्या अर्जाची एक प्रत मागितली, मी लिहून दिली.

कारकुनानं तो अर्ज वाचला तेव्हा मी खिडकीबाहेर होतो. पहिल्या ओळीलाच हशा. कारभारीसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. धोंडू उंबऱ्याशी हात जोडून उभा होता, आणि सगळे हसताहेत असं बघून तोही हसायला लागला. एकानं खरंच त्याचा कान ओढला. तो बाहेर आला तेव्हा त्याचा कान लाल झाला होता आणि चेहरा फुललेला. "भाऊ, काम झालं. साहेब लय खूश झाले." मी म्हणालो, "होणारच."

दवंडी निघाली नाही. पावसाळ्यानंतर हुकूम आला की इमारत पडून राहण्यापेक्षा तिचा कोंडवाडा करावा. मोकाट गुरं आत, दाराला कुलूप, आणि राखणीला मेहेरबानी म्हणून खुद्द धोंडू. पुढची आठ वर्षं त्यानं आपल्या घुमटांखालचं शेण उचललं. सकाळी कुलूप काढण्याआधी तो हात जोडून तीच दुआ म्हणे, खरं विकणाऱ्याला बरकत दे, आणि आतून एखादी म्हैस ओरडे. हेही मी नकलेत घातलं. म्हशीचा आवाज मला चांगला येतो. गुरं सोडवायला येणारा माणूस कानावर हात ठेवूनच उंबरा ओलांडी. पुढे पुढे रस्त्यानं जाणारेही तिथे आले की कानावर हात ठेवत. आता तर वाडीवरची पोरं देवळापुढे हात जोडावा तशी तिथे कान झाकतात. कशासाठी ते त्यांना ठाऊक नाही.

तेराव्याला मी जामसरला गेलो. न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. चांगुणावहिनी ओसरीवर बसल्या होत्या. याच माणसासाठी दुसऱ्यांदा फुटलेल्या बांगड्यांचे हात मांडीवर. त्यांनी आतून पायली आणली. तेलानं पुसलेली, गंज नाही, साखळी घडी करून आत ठेवलेली. साखळीखाली एक कागद. मी माझं अक्षर लांबूनच ओळखलं.

"शाळेचे मास्तर आले व्हते, त्यांच्याकडनं यांनी वाचून घेतला," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं झाली."

दोन वर्षं. त्या दोन वर्षांत धोंडू दर बाजारी माझ्या ओट्यावर येऊन बसत होता, माझ्याच डब्यातलं पान खात होता.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"पयल्यांदा हसले. मग मास्तरांना म्हणाले, परत वाचा. मग नाय हसले." त्यांनी पायली माझ्यापुढे सरकवली. "ही तुमाला द्यायला सांगितलीय, भावजी. म्हणाले, खिळ्याचं त्यानंच सांगितलं लोकांना, मापाचंबी त्यानंच सांगावं."

मी सांगितलं. पुढच्याच बाजारी फळीपुढे उभा राहून मोठ्यानं सांगितलं, की कानाची गोष्ट मी रचली, धोंडूचा कान बर्फानं गेला, खिळा मापाचा आहे. लोकांनी टाळ्या दिल्या. एक मोखाड्याचा म्हणाला, "वा भाऊ, ही नवीन काढली! बर्फ म्हणे!" दुसरा म्हणाला, "आता ती जुनी करा. मुठीची." इतकी वर्षं मला बघून हसायचं असं मीच त्यांना शिकवलं होतं, माझं ते आता खरं कशाला मानतील?

म्हणून त्याच्या पुढच्या बाजारी मी बोललो नाही. पायली नेली, कोंडवाड्याच्या खिळ्याला साखळी अडकवली आणि खाली दगडावर बसून राहिलो. खिळा गंजला होता, पण हललेला नव्हता. आत दोन गाई रवंथ करत होत्या. लोक यायचे, कान झाकायचे, माझ्याकडे बघून हसायचे आणि पुढे जायचे. दुपार झाली. मग पोशेऱ्याची एक म्हातारी दहा पावलांवर थांबली, कानावर हात, डोक्यावर टोपली.

"ते काय टांगलंय?"

"माप. दरबारचं."

"खरं हाय?"

"धोंडू गवंड्याचं आहे."

ती म्हणाली, "घरून पाच पायल्या आणते. शेठकडं चारच भरते. दरसाल. वाटेत नागली कोण खाते, सांग." मग जवळ आली, टोपली उतरवली, आणि तिथेच अडली. नागली ओतायला दोन हात लागतात. एक हात तिच्या कानावर होता, आणि खिळा तिच्या तोंडासमोर. तिनं माझ्याकडे निरखून बघितलं.

"कानाचं सोंग करतो तो तूच ना?"

"मीच."

"धोंडू मेला तवा हसत व्हतास म्हणतात."

"हो."

"मग धर माझा कान. नीट धर."

मी उठलो आणि तिच्या कानावर हात ठेवला. समोर पानवाल्याच्या फळीपुढे हशा फुटला, कुणीतरी शीळ घातली, कुणी म्हशीचा आवाज काढला, अगदी माझ्यासारखा. म्हातारी खाली वाकली, मीही तिच्याबरोबर वाकलो. ती भरायची, तळहाताच्या कडेनं वरचं सपाट करायची, पदरावर ओतायची आणि मोठ्यानं मोजायची. मी तिच्याबरोबर पाच वेळा वाकलो आणि पाच वेळा उठलो. पाचवी पायली काठोकाठ भरली.

"सोड आता," ती म्हणाली.

मी हात काढला. तिनं नागली परत टोपलीत भरली, टोपली डोक्यावर चढवली आणि शेठच्या दुकानाकडे निघाली. माझ्यामागे पायलीची साखळी अजून हलत होती. म्हातारीनं दोन्ही हातांनी टोपली धरली होती.